अडतीस घरांतलं इंजिन

आठवी अर्ध्यात सोडून मी कोकणातून निघालो, तेव्हा नागपूर नकाशात नेमकं कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं. एका लांबच्या नातेवाइकाच्या ओळखीवर इथल्या गॅरेजात लागलो आणि दहा वर्षं इंजिनांच्या खाली काढली. त्यामुळे सक्करदऱ्याकडच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाई गॅरेजात आल्या आणि "आमच्या नववीच्या मुलांना शिकवायला याल का" असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

झालं होतं असं, की नरखेडकडच्या एका बागायतदारानं विहिरीवर विजेची मोटर बसवली आणि संत्र्याच्या बागेतलं जुनं डिझेल इंजिन शाळेला देऊन टाकलं. शाळेनं ते मागच्या शेडमध्ये सिमेंटच्या ओट्यावर बसवलं, हार घातला आणि भोवती दोरी बांधली. बाईंनी ती दोरी सोडली. त्यांचं म्हणणं असं, की या मुलांनी पुढं इंजिनीअर व्हावं असं आपण भाषणात म्हणतो आणि त्यांना साधा पाना हातात धरू देत नाही. पुस्तकातलं इंजिन त्यांनी फार पाहिलं, आता खरं उघडू दे.

मी लागलो तो तात्पुरता. वर्षभरानंतर तपासणी अधिकारी येणार, वर्ग पाहणार आणि 'वर्ग उपयुक्त, शिक्षक आवश्यक' असा शेरा दिला तरच माझी जागा पक्की होणार. नाहीतर मी घरी. घरी म्हणजे कोकणात, कारण गॅरेजात माझ्या जागी दुसरा आला होता. वर्षभर मी त्या शेऱ्याची वाट पाहिली आणि त्याच्याआधी विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाला घाबरलो. शिक्षण किती?

पोरं मला सर म्हणत नसत, भाऊ म्हणत, ते मला बरं वाटे. शिकवणं मला येत नव्हतंच. मी इंजिन उघडायचो, ते बघायचे. मग ते उघडायचे, मी घाबरायचो.

तपासणी शुक्रवारी ठरली होती. त्याच्या आधीच्या आठवड्यात बाईंना एक कल्पना सुचली. इंजिन पूर्ण सोडायचं आणि अडतीस मुलांना एकेक भाग घरी न्यायला द्यायचा. पुसायचा, त्याचं चित्र काढायचं, तो काय काम करतो ते घरच्यांना समजावायचं. बुधवारी भाग परत आणायचे, गुरुवारी जोडायचे. नियम एकच: ज्याचा भाग, त्यानंच बसवायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

"हरवलं तर?" मी विचारलं.

"भाऊ, आईबापानं पोटचं पोर आपल्याकडं धाडलं," बाई म्हणाल्या. "आपन एक बोल्ट त्याईच्याकडं धाडू."

जड चाक आणि बुड तेवढं ओट्यावर राहिलं. बाकी इंजिन दप्तरांत बसून घरोघरी गेलं.

मंगळवारी सकाळी साडेदहाला अधिकारी दारात उभे. शुक्रवारी त्यांच्या पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघाला होता, म्हणून ते आजच आले. मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, माझ्याकडे आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "इंजिन कुठं आहे?"

"सगळीकडे," मी म्हणालो.

मोठ्या सरांनी साहेबांना जेवायला घरी नेलं. पाटोडी-रस्सा करायला सांगितला, कारण त्याला वेळ लागतो आणि तो खाल्ल्यावर माणसाला झोप येते. तीन वाजेपर्यंत मुदत मिळाली. बाईंनी नववीला सुट्टी दिली आणि सांगितलं, घरी जा, आपापला भाग घेऊन या, पळत.

बारापर्यंत इंजिन परत येऊ लागलं, पण गेलं होतं तसं नाही. पिस्टन एका आईनं पळ्या-चमचे ठेवायला घेतला होता. एका व्हॉल्व्हनं आठवडाभर लसूण ठेचली गेली होती आणि त्याला फोडणीचा वास येत होता. बाजूचं झाकण आलं ते त्यावर वाळलेल्या सांडग्यांसकट, कारण काढले तर मोडतील असं आईनं सांगितलं होतं. टायमिंगचं दातेरी चाक मात्र आरशासारखं लख्ख होतं. ते आणणारा पोरगा म्हणाला, "आमच्या बाबानं पुस्तकाईच्या फळीवर ठेवलं होतं. म्हने, शाळेतून आलेली वस्तू चुलीपाशी नाही राहायची."

सदतीस आले. अडतिसावी नव्हती. ती कनेक्टिंग रॉडवाली, म्हणजे पिस्टनला खालच्या दांड्याशी जोडणारा हातभर लांब भाग जिच्याकडे होता ती. तो आधी बसवावा लागतो. त्याच्याशिवाय बाकीचे सदतीस नुसते वस्तू धरून उभे.

मी सायकल काढली आणि विणकरांच्या वस्तीत गेलो.

ती घरी कांड्या भरत बसली होती. आई लग्नाला गेलेली, म्हणून बाण्याचा, म्हणजे कापडातला आडवा दोरा कांड्यांवर गुंडाळायचं काम तिच्याकडे. बाप मागावर. आणि रॉड? उभ्या दोऱ्यांचा ताणा ज्या लाकडी रुळावर गुंडाळलेला असतो, तो ताठ राहावा म्हणून त्याच्या दोरीला वजन टांगतात. तिथं माझा रॉड टांगलेला होता. त्याला भोकच असं, की टांगण्यासाठीच केलाय असं वाटावं.

"पोरीनं सांगतलं, याचं काम खालीवर जानं," बाप म्हणाला. "म्या म्हटलं, इथं स्थिर राहू दे बिचाऱ्याले. आधी वीट होती. पन आता पाहा ताण कसा बसला."

"तो मला आत्ता हवाय. तपासणी आहे."

"अर्धं लुगडं झालं गा. आता वजन बदललं तं मधातून पट्टा दिसन. घेनारी म्हनन, दोन लुगडे जोडले काय. परवा उतरन, परवा न्या."

"दुसरं काहीतरी टांगा ना."

"तुमी टांगून घेता काय?"

मी खरोखर क्षणभर विचार केला.

तेवढ्यात पोरगी उठली. कोपऱ्यातली एक सरळ काठी घेतली, मधोमध सुतळी बांधून ती दाराच्या कडीला लटकवली. बापाच्या डोळ्यांदेखत रॉड सोडून एका टोकाला अडकवला आणि दुसऱ्या टोकाला फडक्याची पिशवी. गल्लीत कुणाच्या तरी बांधकामाची रेती पडलेली होती. ती मूठमूठ आणून टाकत गेली. पिशवी खाली गेली तर चिमटीनं काढायची. मी घड्याळ बघत होतो, ती काठी बघत होती. हे तिला मी शिकवलं नव्हतं. मला स्वतःलाच सुचलं नसतं.

काठी आडवी झाली. पिशवी मागाला टांगली. बापानं ताण्यावर तळहात ठेवला, दोनदा पायाखालची पावडी दाबली.

"हलकं हाये. चिमूटभर टाक."

"बाबा, काठी सरळ हाये."

"काठीले काय समजते वं?"

तिनं चिमूटभर टाकली. काठीवर पुन्हा तोलून पाहिली, तर काठी तसूभर हलली नाही. बापानं पुन्हा हात ठेवला आणि मान डोलावली. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि दीड वाजला होता.

मी रॉडला हात घातला, तर पोरीनं तो छातीशी धरला. "भाऊ, माझा पार्ट हाये. मीच बसवीन."

"चल मग, मागे बस."

"अन् कांड्या कोन भरन?" बाप म्हणाला. "माग थांबला तं लुगडं इथंच राहते."

शेवटी ठरलं ते असं. पोरगी माझी सायकल घेऊन, कॅरिअरला रॉड बांधून शाळेत गेली, आणि ज्याच्या नोकरीचा निकाल आज लागणार होता तो मी चरख्यापाशी बसून कांड्या भरू लागलो. माझा दोरा दर मिनिटाला तुटे. बाप मागावरून म्हणे, "तुमचं शिक्षन इंजिनातच झालं दिसते." त्या माणसाला मी पहिल्यांदा खरं सांगितलं, की शिक्षण आठवी आणि तीही अर्धी. तो म्हणाला, "मंग ठीक हाये. म्या समजत होतो, मॅट्रिक असून येऊन नाही राहिलं."

चार वाजून गेले. माझे केस दोऱ्याच्या तुसांनी पांढरे झाले होते. मनात हिशेब एकच: साहेब शेडमध्ये आले असतील, शिक्षक कुठे म्हणून विचारलं असेल. मुलांना जमलं नसेल तर वर्ग गेला. आणि जमलं असेल तर मी गेलो, कारण जे माझ्याशिवाय होतं त्याला मी कशाला हवा?

सायकल करकचून थांबली. पोरगी घामानं भिजली होती.

"भाऊ, चालू झालं."

मी हातातली कांडी खाली ठेवून उठलो.

"पन बंद होऊन नाही राहिलं."

इथं मला एक कबूल करायला हवं. त्या इंजिनाचा बंद करायचा खटका बागेतच मोडला होता आणि टाकीला नळ नव्हता. पंपाच्या बाजूला एक पट्टी आहे, ती बोटानं आत दाबून धरली की डिझेल तुटतं आणि इंजिन थांबतं. ते मी नेहमी स्वतः करायचो. पोरांना उघडणं, जोडणं, हँडल मारणं, सगळं शिकवलं. बंद करणं नाही. बोट सापडेल अशी भीती होती, हे खरंच आहे. पण मनात असंही होतं, की काहीतरी आपल्याकडे राहू दे.

कांड्या तिच्याकडे सोपवून मी सायकल हाणली. शाळा दोन गल्ल्या आधीपासून ऐकू आली. बाईंनी तपासणीसाठी म्हणून टाकी काठोकाठ भरली होती. शेडच्या पत्र्यांचा थरथराट चालला होता, सगळे वर्ग बाहेर आलेले, शिपाई कानांत बोटं घालून घंटा कशी वाजवावी या विचारात. आणि साहेब, पाटोडी खाऊन आलेले, हातात फॉर्म घेऊन इंजिनापासून पाच हातांवर उभे. चेहऱ्यावर राग नव्हता. कधीपासून तरी हरवलेली वस्तू समोर दिसावी तसे ते त्या फिरत्या चाकाकडे बघत होते.

मी आत गेलो, पट्टी दाबली. इंजिनानं दोन उसासे टाकले आणि थांबलं. एवढी शांतता झाली की सांडग्याचा एक तुकडा झाकणावरून खाली पडल्याचा आवाज आला.

"हे तुम्हीच का?" साहेब म्हणाले. "पोरं सांगत होती, भाऊ कांड्या भरून राहिले."

"हो साहेब." आणि आता विचारण्याआधीच सांगून टाकावं म्हणून म्हणालो, "साहेब, मी आठवीतून शाळा सोडली आहे."

"मी विचारलं काय?"

"नाही."

"विचारलं तर लिहावं लागते. गप्प राहा."

त्यांनी फॉर्म सिमेंटच्या ओट्यावर ठेवून तिथंच शेरा लिहिला. तो मी पुढं मोठ्या सरांच्या टेबलावर वाचला. 'विद्यार्थी स्वतः यंत्र जोडतात व चालू करतात. वर्ग उपयुक्त. यंत्र बंद करण्याकरिता शिक्षक नितांत आवश्यक.'

मी पक्का झालो. मोठ्या सरांनी पाठीवर हात ठेवला, बाईंनी पेढे आणले. माझा पेढा मी कागदात गुंडाळून खिशात ठेवला. त्या शाळेचे उपकार माझ्यावर आहेत, आणि मी तिथं टिकलो तो न शिकवलेल्या एका गोष्टीवर.

त्या रात्रीची झोप मी कशी घेतली ते सोडा. बुधवारी पहिल्या तासाला मी सगळ्या अडतीस जणांना शेडमध्ये ओळीनं उभं केलं आणि सांगितलं, आज बंद करायचं शिकायचं. एकेकानं पट्टी दाबायची, बोट कुठं ठेवायचं, कुठं नाही, ते मी दाखवतो. अडतीस वेळा इंजिन चालू झालं आणि अडतीस वेळा बंद झालं. दुपारपर्यंत आम्हां सगळ्यांचे कान गेले.

कनेक्टिंगवाली पोरगी शेवटची होती; तिची आई रात्रीच लग्नाहून परतली होती. तिनं इंजिन थांबवलं, बोट फ्रॉकला पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, आता तं आमाले समदंच येते. मंग तुमचं काय?"

"अजून उघडून पाहायच्या वस्तू पुष्कळ आहेत," मी म्हणालो. पण ते तिला सांगितलं की स्वतःला, हे मला त्या वेळी नीट कळलं नव्हतं.