स्टाफरूममधल्या बँकेच्या फायली

मी परतूरच्या एका शाळेत गणित शिकवतो. एकदा बँकेच्या साइटवरून वर्षभराचं स्टेटमेंट डाउनलोड केलं आणि मोबाइलमधल्या खर्चाच्या अ‍ॅपला दिलं. अ‍ॅपनं किराणा, पेट्रोल, दवाखाना असे कप्पे पाडून दिले. स्टाफरूमनं ते पाहिलं आणि माझी मधली सुट्टी गेली ती गेलीच. ज्याच्या त्याच्या हातात फाईल, आणि फाईलगणिक किस्सा.

पहिला माझ्याच घरचा. अ‍ॅप दुकानाच्या नावावरून कप्पा ठरवतं. आमच्या मेडिकलवाल्याच्या नावात 'आनंद' आहे, म्हणून आईची वर्षाची औषधं 'करमणूक' मध्ये जाऊन बसली. आईला सांगितलं. ती म्हणाली, "आता बास कर म्हणावं. लई करमणूक झाली माझी."

खेळाच्या गजानन सरांनी हौसेनं 'बचत' नावाचा कप्पा केला. महिन्याभरानं पाहतो तर कप्पा गायब.

"काय झालं सर?"

"काढून टाकला. रोज रिकामा दिसून राह्यल्ता. खाली-फुकट तकलीफ."

विज्ञानाच्या सुनीता मॅडमच्या फाईलमध्ये पगाराच्या प्रत्येक ओळीखाली दुसरी ओळ होती: तेवढीच रक्कम नवऱ्याच्या खात्यात. अ‍ॅपनं दोन्ही ओळी एकमेकींतून वजा केल्या आणि वर्षाची कमाई दाखवली शून्य.

मी म्हणालो, "मॅडम, अ‍ॅप चुकलंय. दुरुस्त करतो."

"राहू द्या सर. एकोणीस वर्षांत ह्यालाच बराबर कळलं."

आमचे क्लार्क पारसकाका. त्यांच्या मुलीनं दोन वर्षांपूर्वी जातीबाहेर लग्न केलं. काकांनी तिचा नंबर ब्लॉक केला. कुणी विचारलं तर सांगायचे, "मला एकच मुलगा." त्यांच्या फाईलमध्ये दर महिन्याला एक रुपया जमा दिसला, मुलीकडून. पैसे पाठवताना दोन शब्द लिहिता येतात, ते शेजारच्या रकान्यात होते. 'पप्पा, बरी आहे.' 'नोकरी लागली.' 'मुलगी झाली.'

काका माझ्या खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, "ह्या ओळी गाळता येतेत का?"

"येतात."

"मंग गाळा."

मी गाळल्या. पुढच्या महिन्यात काका आपणहून फाईल घेऊन आले. "आली असंल तर गाळा." आली होती. 'पहिला दात.' काकांनी ती वाचली, मग मी गाळली. असं चार महिने चाललं.

ह्या महिन्यात एक रुपयाची ओळ नव्हती. काकांनी चष्मा पुसला, माझा मोबाइल स्वतःच्या हातात घेतला, फाईल वरून खाली दोनदा पाहिली.

"सर, ही अर्धीच आली," ते म्हणाले. "परत काढा."