पहिले खड्ड्याले विचारू

"थांबा. पहिले खड्ड्याले विचारू."

सकाळचा भोंगा वाजला की हा माणूस एवढंच म्हणायचा आणि काठी घेऊन कारखान्याच्या मागं जायचा. मागं दोन कडुलिंबांच्या मध्ये सिमेंटचा एक खड्डा होता. धुण्याच्या टाकीतलं मळकं पाणी त्यात यायचं. त्यात चुना टाकायचा, गाळ तळाशी बसू द्यायचा, आणि वरचं निवळलेलं पाणी परत धुण्याला घ्यायचं. गाळ बसायला वेळ लागतो, हे मुद्दाम सांगून ठेवते. सगळं भांडण त्या वेळाचंच आहे.

काठी खड्ड्यात उभी बुडवायची, वर काढायची, डोळ्यापाशी न्यायची आणि पँटीला पुसायची. त्या पँटीचा उजवा पाय कायम पांढुरका. मग येऊन तो फाटकाजवळच्या काळ्या फळ्यावर खडूनं त्या दिवसाचं काम लिहायचा.

त्याचं नाव मी लिहीत नाही. आम्ही बाया त्याला भाऊ म्हणायचो. त्याचं पद प्लॅनिंगचं, म्हणजे कोणत्या दिवशी कोणता माल किती करायचा हे ठरवायचं. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. सगळ्यांना घाई असते आणि हा एकटा शांत असतो, म्हणून सगळ्यांना त्याचाच राग येतो.

कारखाना दुसरबीडच्या अलीकडं, रस्त्याला लागून. तीनचाकी गाडीच्या खाली सायलेन्सर धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी असते ना, ती आम्ही करायचो. पत्रा कापायचा, प्रेसवर वाकवायचा, तेजाबाच्या टाकीत धुवायचा, रंग द्यायचा. मी तपासणीच्या टेबलावर होते. धार राहिलेली पट्टी मी बोटानं ओळखायची, चष्मा लागायच्या आधीही आणि नंतरही.

माझं घर कारखान्याच्या खालच्या अंगाला. मध्ये नाला, नाल्याच्या काठावर आमची विहीर. सहा घरं त्या विहिरीवर पाणी भरतात. भाऊ नोकरीला लागला त्या आठवड्यातली गोष्ट सांगते. तेव्हा हा खड्डा नव्हता. टाकीचं पाणी सरळ नाल्यात जायचं. मी त्याला जेवणाच्या सुट्टीत म्हटलं, "भाऊ, आमच्या इहिरीचं पानी लोखंडासारखं लागते. शेळी तोंड लावत नाही."

मला वाटलं, मान हलवील आणि विसरून जाईल. आतापर्यंत सगळ्यांनी तेच केलं होतं. हा संध्याकाळी माझ्या मागोमाग घरी आला. तांब्यातून एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि अंगणात थुंकला.

"आक्का, शेळीले अक्कल हाय," म्हणाला. "आमाले नाही."

मालकाच्या मागं लागून लागून त्यानं तो खड्डा बांधून घेतला. मग एक बांबू आणला आणि उरलेल्या रंगानं त्याच्यावर तीन पट्टे मारले. खाली हिरवा, वर पिवळा, त्याच्या वर लाल. ओल हिरव्यापर्यंत असली तर टाकी दिवसभर चालवा. पिवळ्यापर्यंत आली तर अर्धा दिवस. लालाला टेकली की टाकी बंद. त्या दिवशी कुणी बसून राहायचं नाही. डाय म्हणजे प्रेसचे साचे साफ करा, तेलपाणी करा, पत्रा कापून ठेवा. लोक ऑर्डर पाहून काम ठरवतात. हा उलटा माणूस, खड्डा पाहून ठरवायचा. वर्षभरानं आमची शेळी पाणी प्यायला लागली. त्याला सांगितलं तर म्हणाला, "तिनं पास केलं म्हना."

आणखी एक रीत त्यानं लावली. फळ्यावर त्याच्या अक्षरात लिहिल्याशिवाय प्रेसचं बटण कुणी दाबायचं नाही. मालकानं तोंडी सांगितलं तरी नाही. "तोंडचं वाऱ्यानं जाते," म्हणायचा.

त्या फळ्यावर मी वाचायला शिकले. खोटं नाही सांगत. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. रोज सकाळी तो लिहायचा, "पट्टी ४००", आणि आम्ही दिवसभर त्या पट्टीशी मारामारी करायचो. महिनाभरात मला प आणि ट कुठंही दिसले की ओळखू यायला लागले. एसटीच्या पाटीवर, मिरचीच्या पुडीवर. एक दिवस मी त्याला म्हटलं, "भाऊ, आज तुमच्या 'टाकी'मधली टा वाकडी झाली." तो खडू हातात धरून माझ्याकडं पाहतच राहिला. दुसऱ्या दिवसापासून अक्षर मोठं आणि सुटं काढायला लागला.

चहाला त्याचा कप अर्धा. भाकरी दीड. कुणी आग्रह केला की हात आडवा धरायचा, "लागते तेवढंच." लग्नाच्या पंगतीतसुद्धा तेच. आमची सुमन, प्रेसवरची, फार तोंडाळ. ती म्हणायची, "भाऊ, तुमी जेवताना पोटात काठी घालून पाह्यता का?"

मग तो टेबलाचा किस्सा झाला.

आम्ही ज्या मोठ्या गाडीकंपनीला पट्ट्या द्यायचो, तिथला एक साहेब यायचा होता. मालकाचा फोन शिपायानं घेतला आणि ओरडत आला, "सायेब सस्टेनेबल पाहायले येऊन राह्यले!" आता सुमननं ऐकलं 'सस्तं टेबल'. सगळ्या कारखान्यात सस्तं टेबल एकच, माझं. तीन पायांचं, चौथ्याखाली वीट. आम्ही दोघींनी ते घासलं, धुतलं, घरून चादर आणून घातली, वर झेंडूची फुलं ठेवली. साहेब आले. सुमननं हात जोडले, "सायेब, हे पाहा टेबल. सस्तं हाय पन मजबूत हाय."

साहेब टेबलाकडं पाहतात, मालक साहेबांकडं. भाऊ मात्र खांबाला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग म्हणाला, "आक्का, टेबल नाही. हे म्हन्तात, आज केलं ते उद्याबी करता आलं पाह्यजे, परवाबी. अन् कोनाचं पानी नासलं नाही पाह्यजे."

"हात्तिच्या," मी म्हटलं, "मंग त्यायले खड्डा दाखवा ना!"

साहेबांनी खड्डा पाहिला, काठीचे फोटो काढले, आणि जाताना भाऊला आपला फोन नंबर देऊन गेले. चादर मी घरी घेऊन आले.

पुढं मालक थकले आणि त्यांचे जावई कारभार पाहायला लागले. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा. दसऱ्या-दिवाळीला गाड्या जास्त खपतात. त्याच्या आधी त्यांनी नेहमीच्या तिप्पट पट्ट्या एका झटक्यात द्यायचं कबूल करून टाकलं, आणि भाऊला येऊन सांगितलं, "टाकी सलग चालवा. खड्डा भरला तर रविवारी त्याच्या तळाची झडप उघडून द्या नाल्यात. सुट्टी असते, कोण पाहतं?"

मी तिथंच होते. माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली. कोण पाहतं म्हणजे? मी पाहते. रविवारी मी त्याच विहिरीवर पाणी भरते.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. भाऊ काठी घेऊन गेला, आला. फळा ओल्या फडक्यानं पुसला आणि खडू खिशात ठेवून बाजूला उभा राहिला. फळा कोरा. प्रेस बंद, टाकी बंद, तीस माणसं उभी. कडुलिंबातल्या साळुंक्यांचा तेवढा आवाज. कारखान्यात इतकं सामसूम मी कधी ऐकलं नव्हतं.

जावईबापू आले. "लिहा ना."

"लिहिन. झडप बंद राहील म्हना, मंग लिहिन."

"मी सांगतो तसं लिहायचं तुम्ही."

"खड्डा सांगते तसं लिहितो म्या. इतकी वर्सं."

जावईबापूंनी दुसरा खडू घेतला आणि स्वतःच लिहिलं, इंग्रजीत, झरझर. मग आमच्याकडं वळले. "चला, लागा कामाला."

कुणी हललं नाही. सुमन पुढं झाली, डोक्यावरचा पदर नीट केला. "सायेब, हे कोनाचं अक्षर हाय?"

"माझं."

"मले आमचा चार समजते. हा पाय वर केलेला चार नाही समजत."

खोटं कशाला बोलू, सुमनला मोबाईलवरचे सगळे आकडे यायचे. पण तिनं असा काही भाबडा चेहरा केला की मागं कुणीतरी खोकलं.

"ज्याला काम करायचं नसेल त्यानं घरी जावं," जावईबापू म्हणाले.

"घरी मी जातो," भाऊ म्हणाला. आवाज चढवला नाही. "ह्या काऊन जातील? यायनं काय केलं?" आणि त्यानं फोन काढला. त्या मोठ्या कंपनीतल्या साहेबांना लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "सायेब, मी काठीवाला. तुमाले रोज किती पट्ट्या लागतात?"

साहेबांनी आकडा सांगितला. आम्ही रोज करतो त्याच्यापेक्षा थोडा वर, बस.

"मंग तिप्पट माल एकदम काऊन मांगता?"

"मागवून ठेवला की काळजी नाही. गोदामात राहतो."

"तुमचं गोदाम मोठं हाय सायेब. आमचा खड्डा लहान हाय. अन् खड्ड्याच्या खाली या बायायची इहीर हाय. रोज लागते तेवढंच रोज धाडलं तं चालते का? एकबी दिवस चुकनार नाही."

साहेब म्हणाले, "रोज नक्की येणार असेल तर उलट बरं. गोदामातली जागा वाचेल."

भाऊनं फोन खिशात ठेवला, जावईबापूंचं लिहिलेलं पुसलं नाही, त्याच्या खाली आपल्या मोठ्या सुट्या अक्षरात साहेबांचा रोजचा आकडा लिहिला. सुमननं बटण दाबलं. हिरव्याच्या दिवशी थोड्या जास्त पट्ट्या करून ठेवायच्या, लालाच्या दिवशी त्याच धाडायच्या. त्या हंगामात माल एकही दिवस चुकला नाही, आणि झडपेला कुणी हात लावला नाही. एक-दोन रविवारी मी जाऊन पाहून आले. विश्वास होता, तरी पाहून आले.

पण चारचौघांत झालेलं माणूस विसरत नाही. दिवाळी झाली आणि जावईबापू म्हणाले, आता प्लॅन कॉम्प्युटरवर निघेल, फळ्याची गरज नाही. भाऊला नारळ दिला, शाल दिली. त्यानं शाल सुमनच्या खांद्यावर टाकली आणि काठी माझ्या हातात दिली.

"मी काय करू हिचं?"

"विचारजो," म्हणाला, आणि सायकलला टांग मारून गेला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर छापील कागद चिकटवलेला. मी काठी घेऊन मागं गेले. काठी बुडवली, काढली. लाल. लुगड्याला पुसली. परत येऊन खडू घेतला आणि त्या कागदाच्या खाली लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या देखत लिहिलं, "खड्डा लाल. टाकी बंद."

"हे कोणी लिहिलं?" जावईबापूंनी विचारलं.

"म्या लिह्यलं. चुकलं का काही?"

ते वाचत राहिले. मला वाटलं, आता शाल नाही की नारळ नाही, नुसताच रस्ता. मी म्हटलं, "तुमच्या कॉम्प्युटरले खड्डा दाखवला का? नाही ना? मंग त्याले काय मालूम! चला, तुमीच पाहा."

ते आले. माझ्या हातून काठी घेतली, स्वतः बुडवून पाहिली. पँटीला पुसायची की नाही ते कळेना, तशीच धरून उभे राहिले. मग एवढंच म्हणाले, "आज डाय साफ करा."

आता त्या छापील कागदावर पहिली ओळ खड्ड्याची असते. मी वयानं काम सोडलं, आता सुमन सकाळी काठी घालते आणि ऑफिसात जाऊन रंग सांगते. ती सांगत नाही तोवर कागद निघत नाही.

भाऊ त्यानंतर एकदाच भेटला. लोणारकडं लेकीच्या घरी राहायला गेला होता. उन्हाळ्यात एका दुपारी माझ्या दारात येऊन उभा, वाळलेला, सोबत सायकल नाही, एसटीनं आलेला. मी जेवायला वाढते म्हटलं तर हात आडवा. चहा म्हटलं, हात आडवा. "पानी दे आक्का. इहिरीचं."

मी ताजी बादली ओढली. त्यानं तांब्या वर धरून घोट घेतला, पहिल्यासारखाच तोंडात फिरवला. मी अंगणाकडं पाहिलं, सवयीनं. तो थुंकला नाही. गिळला. मग सगळा तांब्या संपवला, मिशा पुसल्या.

पुढच्या पोळ्याला तो गेल्याचं कळलं. पण त्या दुपारी, सावलीत बसून, त्यानं रिकामा तांब्या माझ्यापुढं केला आणि म्हणाला, "अजून एक दे."