वडील कशाने गेले

आमच्या घरी वडिलांचं मरण सांगायची एक ठरलेली पद्धत होती: बाजारात अंगावर पोतं पडलं आणि गेले. खरं म्हणजे ते अडतिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले आणि काका छत्तिसाव्या. पण दोन कर्ते पुरुष असे गेलेल्या घरातली मुलगी कोण करून घेणार? म्हणून आईने पोतं पाडलं आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझं लग्न ठरलं होतं. नवऱ्या मुलाचे वडील पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यातून सुट्टी काढून, लग्नाच्या याद्या करायला सानपाड्याला आमच्या खोलीवर आले होते. यादी अर्धी झाली आणि दादा घामाने डबडबला. वय तेहतीस, माथाडीचं काम, पोती उचलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. "ॲसिडिटी हाय, टेन्शन नका घेऊ," म्हणाला, पण डावा हात वर करता येईना. व्याह्यांनीच धावत जाऊन रिक्षा आणली.

जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दादाच्या पापण्यांवरचे चरबीचे पिवळे डाग बोटाने चाचपले. "घरात कुणाला हार्टचा त्रास? वडील कशाने गेले?"

"अंगावर पोतं पडलं वो," आई म्हणाली. पाठ केल्यासारखं, एका दमात.

व्याही दाराशी उभे होते. टेबलावर आडवा पडलेला दादा माझ्याकडे बघून मान हलवत होता, सांगू नको म्हणून. मला दोघांचा असा संताप आला! इथे माणूस चाललाय आणि यांना माझ्या लग्नाची पडलीय.

"खोटं आहे," मी म्हणाले. "वडील हार्टनेच गेले. अडतिसाव्या वर्षी. काका छत्तिसाव्या."

डॉक्टरांनी ताबडतोब कार्डिओग्राम काढला, जिभेखाली गोळी ठेवली आणि चिठ्ठी लिहिली. "आत्ताच्या आत्ता वाशीला न्या. हे रक्तातून येतं, वयावर जाऊ नका." रिक्षात व्याह्यांनी दादाला धरून ठेवलं होतं. आईने वाटभर माझ्याकडे पाहिलं नाही.

दादा वाचला. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर सुपारी फुटायच्या आधीच जुळवून झाली होती! पण आम्ही कुठल्या तोंडाने बोलणार?

वॉर्डात दादा माझ्यावरच चिडला. "गप बसायचं हुतंस. लगीन झाल्यावर सांगायचं."

"आणि कानपिळीला कोण उभं राहिलं असतं?" मी ओरडलेच. "नवऱ्याचा कान कुणी पिळला असता?"

तो हसायला गेला आणि तोंड फिरवून रडायला लागला. मलाही आवरेना.

तेवढ्यात नर्स आली. सख्ख्या भावंडांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉलही तपासायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी बाही वर केली. आई लगबगीने उठली आणि कुणी बघू नये म्हणून तिने पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला.