अंगावर काढलेली दोन वर्षे

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीतील दगडी पायऱ्या मधोमध खोलगट झाल्या आहेत. पाऊल आपणहून त्या खळग्यात जाऊन बसते. उशिरा येऊन धावत सुटणाऱ्यांनीच त्या झिजवल्या, असे माझी मैत्रीण म्हणे. वेळेवर येणारे कठडा धरून सावकाश चढतात, म्हणून कडा अजून कोऱ्या आहेत. अंतिम वर्षाच्या मेडिसिनच्या प्रात्यक्षिकाला आम्ही दोघी कडेकडेने चढलो. हवेत फिनेल, स्पिरिट आणि कुणीतरी नुकत्याच सोललेल्या किनू संत्र्याचा आंबटगोड वास होता. खिडकीबाहेर काटेसावरीची जाड, मांसल फुले एकेक करून फरशीवर पडत होती. थप्प. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा थप्प.

या परीक्षेत प्रत्येकाच्या वाट्याला एक रुग्ण येतो. पाऊण तास त्याच्याशी बोलायचे, त्याला तपासायचे आणि मग परीक्षकांसमोर उभे राहून आजार कोणता ते सांगायचे. चुकले तर सोबतचे सगळे इंटर्न होऊन पुढे जातात आणि आपण त्याच वॉर्डात, त्याच पुस्तकांसह मागे राहतो. गेल्या वर्षी असे मागे राहिलेले एक सीनियर आमच्याच बाकावर बसत. त्यांच्याकडे बघणे आम्ही सगळेच टाळत असू.

दारावरची यादी मैत्रिणीने माझ्याआधी वाचली.

"यार, तेरी तो लॉटरी लग गई! बेड नंबर नौ, मराठी आंटी. तू आराम से गप्पें मार, हम यहाँ भोजपुरी में पसीना बहाएँगे."

मलाही तसेच वाटले. मी दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत वाढले. घराबाहेर पाऊल ठेवताच हिंदी सुरू होई, म्हणून आईने माझी मराठी कवितांवर पोसली होती. दर रविवारी एक कविता पाठ. त्यामुळे निर्झर, प्राजक्त, सांजसावल्या हे सगळे माझ्या जिभेवर होते. उणीव एकच होती. कवितेत कुणाला पित्त होत नाही, कुणाचा पाय मुरगळत नाही.

नऊ नंबरच्या खाटेवर चाळिशीतली एक बाई दोन उशांना टेकून बसली होती. साताऱ्याकडच्या खेड्यातून ती लेकीच्या बाळंतपणाला आली होती. जावई फौजेत, छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहणारा. पण फौजेच्या दवाखान्याच्या कागदांत सासू बसत नाही, म्हणून ती आमच्या रुग्णालयात. मी मराठीत बोलताच तिचा चेहरा उजळला.

"आपली हायस व्हय! बस की, उभी का?"

"मावशी, काय त्रास होतो तुम्हाला?"

"दम लागतो गं. लहानपणी गुडघे सुजायचे, ते मागनं थांबलं. आन् हे आत्ताचं म्हणशील, तर दोन वरसं अंगावर काढलं बघ."

माझे पेन थबकले. अंगावर काढलं! हिंदीत पुरळ 'निकलता है', चेहऱ्यावर, पाठीवर, अंगावर. अर्थ इतका स्वच्छ दिसत होता की शंकेला जागाच उरली नाही.

"खाज येते का?"

"येती की. हितलं पाणी लई जड."

"लाल होतं?"

"खाजवल्यावर हुनारच की."

मी लिहिले: दोन वर्षांपासून पुरळ, खाज, लाली. आता सांधे, कातडी आणि हृदय अशी तिन्ही ठिकाणे जुळली होती आणि पुस्तकातला तो भारदस्त आजार, ल्युपस, माझ्या कागदावर ऐटीत येऊन बसला. उरलेला वेळ मी त्याच्याच खुणा शोधत राहिले. पुरळ कोठे दिसेना, तर तो ओसरला असावा अशी मी स्वतःची समजूत घातली. छाती घाईघाईने ऐकली. काहीतरी अस्पष्ट ऐकू आले, ते ल्युपसच्याच पदरात टाकले.

परीक्षक बाहेरगावचे होते. बारीक बांधा, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज अगदी हळू. मी मोठ्या डौलाने सगळे सांगितले. त्यांनी मान तिरकी केली.

"दो साल से रॅश? दिखाइए."

मी बाईकडे वळले. "मावशी, ते अंगावर काढलेलं जरा दाखवा ना सरांना."

बाईने आधी माझ्याकडे पाहिले, मग सरांकडे, आणि मग ती अशी हसली की तिला धाप लागली. छातीवर हात ठेवून, श्वास गोळा करत ती म्हणाली, "अगं पोरी, अंगावर काढलं म्हंजे सोसलं. दवाखाना न करता तसंच रेटलं. ते काय दावायचं असतंय व्हय?"

"क्या कह रही हैं?" परीक्षकांनी विचारले.

त्या वॉर्डात मराठी फक्त आम्हा दोघींनाच येत होती. पुरळ ओसरला, एवढे म्हटले असते तरी निभावले असते, पुरळ ओसरतातच. ते मागे राहिलेले सीनियर आणि त्यांचा रिकाम्या जागेकडे बघणारा चेहरा डोळ्यांपुढे आला. पण बाई माझ्याकडे इतक्या मोकळ्या कौतुकाने पाहत होती की तिच्या देखत तिच्याच अंगावर एक खोटा पुरळ उठवणे मला जमेना.

"सर, रॅश नहीं है. था ही नहीं. इन्होंने कहा था कि दो साल बिना इलाज के सहती रहीं. मैं गलत समझी."

"आप मराठी नहीं हैं?"

"हूँ सर. दिल्ली की."

त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. "तो ल्युपस गया?"

"गया, सर."

"अब क्या बचा?"

मी वहीची पाने उलटू लागले. त्यांनी घड्याळ पाहिले. "दस मिनट. मेरे सामने, फिर से पूछिए."

मी वही मिटली. "मावशी, काय काय अंगावर काढलंत?"

या वेळी ती सावकाश बोलली. जिना चढला की धाप. पाण्याची बादली उचलली की धाप. आडवे झाले की छातीवर कुणी बसल्यागत, म्हणून उशा रचून बसून राहायचे. "लेकीला वाटायचं, आई पोथी वाचत बसलीया. आन् सांगितलं असतं तर मला दिल्लीला येऊ दिलं असतं व्हय?"

त्या दोन उशा पाऊण तास माझ्यासमोर होत्या.

मी तिला डाव्या कुशीवर वळवले, स्टेथोस्कोपची वाटी तळव्यात ऊन केली आणि छातीवर हलकेच टेकवली. आधी पहिला ठोका, खणखणीत, दार आपटल्यासारखा. आणि त्यानंतर, अगदी खालून, बोगद्यातून जाणाऱ्या मेट्रोची पायांखाली जाणवते तशी खोल, मंद घरघर. कानापेक्षा बोटांनाच आधी कळली ती. हृदयातली एक झडप आकसली होती आणि रक्त त्या अरुंद वाटेने कण्हत पुढे सरकत होते. आजार दुर्मीळ नव्हता. लहानपणीच्या त्या सुजलेल्या गुडघ्यांनीच तो मागे ठेवला होता.

मी ते सांगितले. परीक्षकांनी चार प्रश्न विचारले. तीन आले, चौथ्याला मी चाचरले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि वर पाहिले नाही. तेव्हा खाटेवरून आवाज आला.

"साब, लडकी गुणी है. मराठी कच्ची है, डॉक्टरी नही. पास करो."

"माताजी, रिज़ल्ट बोर्ड पे लगेगा."

"बोर्ड किधर है?"

सर प्रथमच मोठ्याने हसले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

निकाल लागला, तेव्हा गर्दीत टाचा उंचावून मी माझा क्रमांक दोनदा वाचला, आणि मैत्रिणीने तो तिसऱ्यांदा मोठ्याने वाचला. गुण जेमतेम होते. मी तशीच वॉर्डात गेले. फुग्याने झडप रुंद करण्याचे ठरल्यामुळे बाई अजून तिथेच होती.

"मावशी, पास झाले."

"हुनारच हुतीस. त्या सायबाला सांगितलं हुतं मी." तिने खाटेची कड हाताने थोपटली. "आता माझं सांग. त्यो फुगा कुठनं घालत्यात, फुटला तर काय, समदं सांग. हिंदीत सांगत्यात, मी नुसती मान हलवती."

मी तिच्याजवळ बसले आणि एका अर्धवट उघडणाऱ्या दारापासून सुरुवात केली. ती मधेच थांबवून विचारी, "म्हंजे?" मग मी दुसरा शब्द शोधी.