घरच्या मैदानावरचे तीन बोर्ड

शेवटच्या वळणातून बाहेर आलो आणि समोर तीन बोर्ड दिसले. तिन्ही पिवळेजर्द. तिन्हींवर माझा गाडीनंबर. एकावर मी तिसरा होतो, एकावर पहिला. एकावर चार लॅप बाकी होते, एकावर तीन. तिसऱ्यावर दुसरा कुठला आकडाच नव्हता. तिथे लिहिलं होतं, ‘भाऊजी, दाबून ठेवा’.

मी बारा वर्षं मोटरसायकल रेसिंग केलं, पगारावर. पुणे, नाशिक, कोइम्बतूर, गोवा, जिथे टीम नेईल तिथे. स्वतःच्या जिल्ह्यात कधीच नाही. त्या वर्षी सीझनची शेवटची रेस यवतमाळच्या बाहेर, मुरूम टाकलेल्या मैदानावर ठरली. माझं वय वाढलं होतं. टीमचे मॅनेजर देसाई सर यांनी स्पष्ट सांगितलं होतं, “पाचवा ये. पॉइंट्स पुरतात, पुढच्या वर्षीचा काँट्रॅक्ट तुझा. सहावा आलास तर तुझ्या जागी नवीन रायडर.”

म्हणजे मला जिंकायचं नव्हतं. पडायचं नव्हतं आणि पाचच्या आत राहायचं होतं.

पिट बोर्ड म्हणजे काय ते सांगतो. आमच्या हेल्मेटमध्ये वायरलेस नसतो. सरळ पट्ट्यावर टीमचा माणूस एक बोर्ड धरतो. वरचा आकडा म्हणजे आपण कितवे, खालचा म्हणजे किती लॅप बाकी. रायडरला तो जेमतेम डोळ्याची पापणी लवेपर्यंत दिसतो. म्हणून आमचा बोर्ड पिवळा. धुळीत माणसं ओळखू येत नाहीत, पिवळं दिसतं.

हे सगळं मी आदल्या दिवशी श्यामकाकांना समजावलं होतं. ते दारव्ह्याहून जीप भरून माणसं घेऊन आले होते. उमरखेडहून माझा साळा गजानन आला होता. दोघांनी मन लावून ऐकलं. काकांनी विचारलंही, “पिवळाच काहून?” तेही मी सांगितलं.

आता तेच सगळे आमच्या टीमला खेटून, बांबूच्या कठड्याला लटकून उभे होते.

पुढच्या लॅपला विचार करत गेलो. पुढचे दोघे पडले असतील का? मग मी पहिला. पण समोर धूळ उडतच होती, म्हणजे पुढे कोणीतरी होतं. की ते एक लॅप मागे पडलेले रायडर होते? आणि उरलेत किती? टायर अजून किती वेळ सांभाळायचा, हे त्यावर ठरतं. बोर्डांपाशी आलो तर खांद्यावर पोरं घेतलेली माणसं आडवी. एकच बोर्ड दिसला. पहिला, दोन बाकी.

त्याच्या पुढच्या लॅपलाही तोच बोर्ड. पहिला, एक बाकी. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. दुसरं काही दिसतच नव्हतं.

पुढच्या वेळी त्याच्यावर शून्य होतं. ढोल वाजत होता. कोणीतरी गुलाल उधळला. गजानन दुपट्टा फिरवत नाचत होता. मी रेषा ओलांडली, गाडीवर सरळ बसलो आणि डावा हात वर केला.

माझ्या बाजूने तीन गाड्या पूर्ण वेगात निघून गेल्या.

रेस संपल्यावर कोणी असं चालवत नाही. मी मान वळवून पाहिलं. झेंडेवाला झेंडा गुंडाळून शांत उभा होता. एक लॅप बाकी होता आणि मी सहावा होतो.

तो लॅप मला नीट आठवत नाही. पाचव्या नंबरवरचा रायडर हिरव्या गाडीवर होता. मधल्या वळणात मी त्याला गाठलं. शेवटच्या वळणात तो थोडा बाहेर गेला, मी आतून गाडी घातली. मागचं चाक सरकलं, पाय टेकवला, गाडी सावरली. दोघांनी बरोबरच रेषा ओलांडली. या वेळी झेंडा पडला.

हेल्मेट काढायच्या आत गळ्यात हार आला.

“पयला आला आपला पोट्टा!” काका ओरडत होते.

“काका, थांबा जरा. सर, पाचवा की सहावा?”

सरांचा चेहरा पांढरा पडला होता. “मलाच कळलेलं नाही. टायमिंगवाले बघताहेत. पण तू हात कोणाला दाखवत होतास?”

मी बोर्डाकडे बोट दाखवलं. काकांनी तो अजून छातीशी धरला होता.

“काका, शून्य काहून दाखवलं?”

“मंग? चक्कर संपले ना बावा. मी सुरुवातीपासून मोजून राह्यलो.”

“सुरुवातीपासून म्हणजे?”

“तुम्ही सगळे हळूहळू एक चक्कर मारून आले ना, तवापासून.”

तो वॉर्म-अप लॅप होता. टायर गरम करायला मारतात. मोजत नाहीत. हे सोडून मी त्यांना सगळं सांगितलं होतं.

“आणि पहिला कशाला लिहिलं?”

“तुले हुरूप यावा म्हून! आता घरच्या पोराले तिसरा लिवाव का आम्ही?”

“मी तर आकडा टाकलाच नाही, भाऊजी,” गजानन घाईने म्हणाला.

निकाल लागला. प्रत्येक गाडीला टायमिंगचं यंत्र असतं, त्यात फरक निघाला. मी पाचवा. मी सरांना मिठी मारली आणि तिथेच नाचलो. ढोल मात्र बंद पडला होता.

“पाचवा आला अन् नाचून राह्यला?” काका गजाननला म्हणाले. “पाह्य रे बावा, डोक्यावर पडला असन हा.”

काँट्रॅक्ट मिळाला. मी आणखी एक वर्ष चालवलं, मग नवीन रायडर शिकवायला लागलो. माझ्याकडे रेसच्या दिवशी पाळायच्या गोष्टींची यादी असते. तिच्यात या रेसनंतर दोन ओळी वाढल्या. रेस संपली हे फक्त झेंडा सांगतो. आणि घरच्यांना रेसला जरूर बोलवावं, पण समजावायचं तर पूर्ण समजावावं, नाहीतर काहीच समजावू नये.