वरून वता

सटाण्याच्या एसटीत मी अमेरिकेतल्या वर्णभेदावरचं पुस्तक वाचत होते. एका फोटोत पाण्याचे दोन नळ होते, गोऱ्यांचा वेगळा, काळ्यांचा वेगळा, वर तशा पाट्या. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांना मी तो समजावून सांगितला. मागे नजर टाकून ते हळूच म्हणाले, "आमच्याकडं पाटी नाय. तरी कुणी चुकत नाय."

त्यांना खोकला आला म्हणून मी बाटली पुढे केली, तर त्यांनी ओंजळ धरली. "वरून वता, ताई."

मी ओतत होते, तेवढ्यात थांब्यावर एकजण चढला, बाबांच्या गावचाच असावा. बाबांची ओंजळ सुटली, पाणी धोतरावर सांडलं. ते उठून दाराशी जाऊन उभे राहिले.

तो माणूस त्यांच्या जागेवर बसला. हसून त्यानं विचारलं, "ताई, आडनाव काय आपलं?"

मी पुस्तक मिटलं आणि स्वतःचं लपवून दुसरंच आडनाव सांगितलं.