अर्थासकट गाथा

आमचे वडील, आबा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आणि बुद्धानं सांगितलेली चार सत्यं ते डिझेल इंजिनाच्या भाषेत सांगत. इंदापुरातल्या आमच्या वस्तीच्या विहारात, रविवारी सकाळी, तापल्या पत्र्याखाली, पांढरा सदरा घालून.

"गाडी बंद पडली, हे पयलं. पडलीच न्हाय म्हणून चालत न्हाय. पडली त्याला कारण हाय, हे दुसरं. कारण काढलं की चालती, हे तिसरं. आन् काढायची एक रीत हाय, ती शिकावी लागती, हे चौथं. आता ह्यात नारळ कुठं फोडायचा, सांगा."

"आबा, डायवरच प्यालेला आसला तर?" मागून कुणीतरी हमखास विचारायचं.

"तर पाचवं शील," आबा म्हणत, आणि सगळ्या माना माझ्याकडं वळत. मामेभावाच्या वरातीत मी पिऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झोपलो होतो आणि पहाटे ट्रॉली ऊस भरायला गेल्यावर फडात जागा झालो होतो, हे वस्तीत लहान पोरालाही ठाऊक होतं. जीव घ्यायचा नाही, चोरायचं नाही, व्यभिचार करायचा नाही, खोटं बोलायचं नाही, नशा करायची नाही. ह्या वरून आलेल्या आज्ञा नव्हेत, आपणच आपल्याला दिलेला शब्द आहे, असं आबा समजावून सांगत. पहिली तीन शीलं मी बऱ्यापैकी पाळायचो. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं, संधीच मिळत नव्हती. चौथं कसंबसं धरून होतो.

वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा आबांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. घरातले देव त्यांनी स्वतः पाटीत भरून भीमेत सोडले होते. त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास होता, अर्थाचा. "आपण एक मंतर सोडला, तो दुसरा धरायला न्हाय," असं ते बजावत. "पाली काय आपली बोली न्हाय. म्हणा, पण म्हणून झालं की लगीच अर्थ सांगा. अर्थ न्हाय सांगितला तर आपल्यात आन् मागच्यात फरक काय ऱ्हायला?"

नव्वदच्या त्या दशकात आबांच्या गळ्यात गाठ निघाली. आधी बारामती, मग पुणे. डॉक्टरांनी गाठ काढली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. आजाराचं कारण सापडलं होतं, रीतही करून झाली होती, गाडी मात्र चालेना. विहारात आता कॅसेट लावायचे. रविवारी सकाळी टीव्हीवर देवांची मालिका असायची, त्यामुळे येणारी माणसं आधीच निम्मी झालेली. उरलेली टेपभोवती हात जोडून बसत, आणि कॅसेट संपली की उठून जात. आबा टेपकडं असं बघायचे, जणू कुणी त्यांच्याच गाडीचं इंजिन काढून तिला बैल जुंपलेत.

एका दुपारी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. घशातनं नुसती हवा यायची, कान तोंडापाशी न्यावा लागायचा.

"माझ्या मौतीला तू उभा ऱ्हायचं. बाहेरचा कुणी न्हाय. अनित्याची गाथा म्हणायची, आन् मराठीत सांगायची. सगळ्यांम्होरं. जमंल?"

"जमंल की, आबा."

"ह्याला?" आई भाकरी थापता थापता म्हणाली. "ह्याला बाजारातली मेथी ध्यानात ऱ्हात न्हाय."

मी इरेला पेटलो आणि चार दिवस भिक्खू होऊन राहायच्या श्रामणेर शिबिराला गेलो. डोकं भादरायचं, चीवर नेसायचं, दुपारी बारानंतर खायचं नाही. मी चीवराच्या घडीत दडवलेली शेंगदाण्याची चिक्की भिक्षापात्रात पडली आणि केवढ्यानं तरी खणकली. ध्यानात श्वासाकडं बघायला सांगितलं. आत येतोय, बाहेर जातोय, नुसतं बघायचं. मी इतक्या मनापासून बघितलं की घोरायला लागलो. भंते हसून म्हणाले, "चला, शेजाऱ्यांनाही श्वास दिसला."

तसाच गुळगुळीत डोक्यानं मी बारामती एमआयडीसीत, कामाला होतो त्या दुधाच्या प्लँटवर हजर झालो. माझ्या पाळीत सुप्याकडचा एक जोडीदार होता, शेतकरी घरातला, मनानं मऊ. त्यानं मोटारसायकल स्टँडवर लावली आणि माझा खांदा धरला.

"कवा गेलं वडील?"

"न्हाय, हायेत अजून."

"मग डोकं कशापायी?"

मी शिबिराचं सांगितलं. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "आरं, बाप जिता आसताना टक्कल केलंस व्हय!"

घरी येऊन आबांकडं शिकायला बसलो. पण त्यांना आवाज नव्हता आणि मला धीर नव्हता. पाली शब्द निम्मे ऐकू येत नसत, तरी मी मान डोलवायचो. ते पुन्हा सांगायचे, खोकला लागायचा, आई माझ्याकडं डोळे वटारायची. शेवटी दोघांनी मिळून गाथा पाठ झाली असं ठरवून टाकलं. अर्थ तेवढा पक्का होता, तो ते रोज संध्याकाळी म्हणवून घेत. जे जुळून आलं ते विस्कटणार. विस्कटण्यात वाईट काही न्हाय, विस्कटू नये ह्या हावेनं माणूस जळतो. पालीसाठी मी इंदापूरच्या स्टँडवरनं कॅसेट आणली आणि पाळीवरनं आल्यावर ती लावून झोपायचो. एका बाजूला त्रिसरण, पंचशील. दुसऱ्या बाजूला लग्नात म्हणतात ती जयमंगल अष्टगाथा. मौतीची गाथा त्या कॅसेटवर नव्हतीच. कोण विकत घेईल?

आबा थंडीत गेले, सकाळचं ऊन अंगणात आल्यावर. पांढरं कापड, मेणबत्ती, उदबत्त्या. पार बारामतीपासून माणसं आली. ज्याच्या त्याच्या हातात फुलं. मी उभा राहिलो. त्रिसरण झालं, सगळे बरोबर म्हणाले. पंचशील झालं. आता अनित्याची गाथा. तोंड उघडलं आणि डोक्यात टेपची बाजू पालटल्यासारखं खट् झालं.

जे बाहेर पडलं ती अष्टगाथा होती. खड्या आवाजात, लग्नातल्या चालीवर.

पहिलं कडवं संपलं तशी आबांवर फुलं पडली. लग्नात कडव्यागणिक नवरानवरीवर टाकतात तशी, एकदम, सगळ्या बाजूंनी. दुसऱ्या कडव्यात माझ्या ध्यानात आलं. वाटलं, आता कुणीतरी ओरडेल. आबांनी आयुष्यभर समोर बसवून ज्यांना अर्थ सांगितला ती सगळी तिथंच उभी होती. डोळे मिटून, हात जोडून. तिसरं कडवं, फुलं. चौथं, फुलं. कुणी थांबवलं असतं तर मी थांबलो असतो. बुद्धानं कुणाकुणाला करुणेनं जिंकलं त्या आठही गोष्टी मी शेवटपर्यंत म्हटल्या. वरातीत झोपणाऱ्यानं बापाचं लग्न लावलं.

राहिला अर्थ. आबांनी रोज घोटून घेतलेली वाक्यं जिभेवर होती. पण ती ह्या गाथेची नव्हती. हिचा खरा अर्थ सांगावा, तर मी काय केलं ते अंगणाला कळलं असतं. मी हात जोडले. "साधू, साधू, साधू," लोक म्हणाले आणि ताटी उचलली.

विहारात कायम पहिल्या ओळीत बसणारे एक तात्या चालता चालता माझ्याजवळ आले. डोळे पुसत म्हणाले, "पोरा, आबाच उभं हाईत असं वाटलं बघ. एक शबुद चुकला न्हाईस."

ज्याला चूक कळली असती तो एकटाच होता, आणि त्याला चौघांनी खांद्यावर घेतलेलं होतं. मला रडू आलं ते तेव्हा. लोकांना वाटलं बापासाठी.

संध्याकाळी आईनं विचारलं, "अर्थ सांगितलास न्हवं? मला रडण्यात ऐकू आलं न्हाय."

"सांगितला," मी म्हणालो. चौथं शीलही गेलं.

प्लँटवर गेलो तेव्हा डोक्यावर केस चांगले वाढलेले, भांग पाडलेला. जोडीदार लांबूनच ओरडला, "कुठं दडी मारली व्हतीस? पाव्हण्याकडं?"

"वडील गेले."

त्याचं हसू मावळलं. मग त्याची नजर माझ्या केसांवर गेली आणि तिथंच अडकली. "आन् डोकं?"

"आमच्यात काढत न्हाईत."

"मग काय करत्यात?"

"गाथा म्हणतात."

"म्हंजी काय आसतंय?"

गेटाशी दुधाचे टँकर लागले होते. भोंगा व्हायला अवकाश होता. वेळ पुष्कळ होता, आणि त्यानं मनापासून विचारलं होतं. जुळून आलं ते विस्कटणार, एवढंच तर म्हणायचं होतं. मी टँकर मोजायला लागलो.

त्यानंच मला सोडवलं. पाठीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ दे गड्या. मंतरच की आमच्यावानी."

"व्हय," मी म्हणालो.